लाईन एंगेज होती

"कोण मधे बोलतंय? फोन खाली ठेवा," मी रिसीव्हरमध्ये खेकसलो. समोर चेअरमन बसले होते.

"साहेब, रंगनाथ बोलतोय. अर्जंट हाय, जरा लाईन..."

"हंगामात सगळंच अर्जंट असतं. ठेवा आधी."

त्यांनी ठेवला.

एकाहत्तर-बाहत्तरचा गळीत हंगाम. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी टेलिफोन सुपरवायझर होतो. उसाच्या कामासाठी कारखान्याची पाच गट ऑफिसं होती. प्रत्येकाला भाड्याची स्वतंत्र लाईन, जुन्या लोखंडी तारेची, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी सुचवलं, या पाचही सोडा, तांब्याची एकच उत्तम लाईन घ्या आणि पाचही फोन तिच्यावर जोडा. अशा लाईनवर एका वेळी एकच बोलणं होतं. नदीकाठच्या गटाचे क्लार्क रंगनाथ तेव्हाच म्हणाले होते की हंगामात सगळ्यांनाच एकदम बोलायचं असतं. मी त्यांना उडवून लावलं.

त्या दुपारी मी चेअरमनना नवी लाईन दाखवत होतो. पुणतांबा गटाच्या क्लार्कला फोनवर पेपर वाचायला लावला होता. अक्षर न् अक्षर कळत होतं. चेअरमन खूश, मी त्याहून खूश.

पाऊण तासाने रंगनाथ सायकल हाणत घामाघूम आले. पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पेटल्या होत्या. कारखान्याचा पाण्याचा टँकर पोचला तेव्हा राख उरली होती. माणसं फडात होती म्हणून वाचली. भीमाजी गाडीवानाचे दोन्ही बैल मात्र दाव्याला बांधलेले होते. बैल नाहीत म्हणजे गाडी नाही, गाडी नाही म्हणजे काम नाही. भर हंगामात तो बायकोपोरांना घेऊन गावी परतला. त्याच्यासमोर जायची माझी हिंमत झाली नाही.

टँकरला उशीर का झाला, याचा खुलासा मलाच लिहायचा होता. मी लिहिलं, 'लाईन एंगेज होती.' कुणी अडवली होती, ते लिहिलं नाही. रंगनाथांनी कागद वाचला आणि खाली सही केली.

"तुमचा आवाज लई साफ येत हुता, साहेब," एवढंच म्हणाले.

कान तापले. पण कागद मी फाडला नाही, याची आजही लाज वाटते.

पुढे माझ्याच शिफारशीवरून जुन्या पाचही लायनी पुन्हा भाड्याने घेतल्या. दूरदृष्टी म्हणून माझं कौतुक झालं, तेही मी मुकाट्याने घेतलं. लाईन कशी आहे हे आवाजावरून ठरवू नका, अडलेल्या माणसाला ती मिळते का ते बघा, असं मी नव्या लोकांना रिटायर होईपर्यंत शिकवत होतो. भीमाजीचं नाव मात्र कधी घेतलं नाही.