क्रीटमध्ये वाल सापडले

मंडळी, आज दुपारी एका परक्या बाईच्या खानावळीत बसून मी रडले.

ग्रीसच्या क्रीट बेटावर फिरतेय. मी व्हिगन आहे, म्हणजे दूध-तूपसुद्धा खात नाही. चार दिवस ब्रेड, ऑलिव्ह आणि टोमॅटोवर काढले. आज डोंगरातल्या एका छोट्या खानावळीत म्हाताऱ्या मालकीणबाईंना फोनवर भाषांतर करून सगळं समजावलं. त्या हसल्या, आत गेल्या आणि शिजवलेल्या कसल्याशा दाण्यांची ताटली घेऊन आल्या. दाणे कसले, दिसायला थेट आपले सोललेले वाल! आणि वर, मायेने, किसलेलं चीज.

मी चीजसकट सगळं खाल्लं.

दोन वर्षांपूर्वी पेणजवळ जोह्याला घरी गेले होते. गणपतीचा सीझन, आईला मूर्ती रंगवताना मान वर करायला वेळ नव्हता. तरी हातावरचा रंग घासून काढून तिने मोड आलेले वाल एकेक करून सोलले, माझ्यासाठी बिरडं केलं. वाढताना सवयीने वर चमचाभर तूप सोडलं.

मी ताट सरकवून उठले. "किती वेळा सांगायचं तुला?"

"तूप काय मटण हाय का गो?" एवढंच म्हणाली. ताट झाकून ठेवलं आणि परत रंगवायला बसली.

या उन्हाळ्यात आई गेली.

परक्या बाईचं मन मात्र आज मला बरोबर राखता आलं.

तुमच्यापैकी कोणी असं ताटावरून उठलंय का? परत येऊन बसायला मिळालं का?