बागेतली कणसरी

लहानूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ड्युटीवर होतो. पलीकडे त्यांची मुलगी, हिरा. "दादा, बा गेला." 

मामा आमच्या सुरगाण्याकडच्या पाड्यावरचे थाळकरी. काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी करायची, ओल्या बोटांनी ती ओढत राहायचं, की थाळी गुणगुणायला लागते. त्या सुरावर मामा कणसरीची कथा गात. कणसरी म्हणजे आमची धान्याची आई. ती रुसून निघून जाते, गाणाऱ्याने तिला गाऊन घरी आणायचं. मागे एकजण ओळ झेलतो, म्हणजे तीच पुन्हा गातो. ओळ झेलली नाही तर कणसरी पुढे पाऊल टाकत नाही, असं मानतात. झेलणारा मी होतो.

नागली, म्हणजे नाचणी, खळ्यावर आली की कथा व्हायची. पण नव्वदनंतर त्याच दिवसांत सगळा पाडा दिंडोरीला द्राक्षांच्या छाटणीला जाऊ लागला. म्हातारे म्हणाले, संपलं आता. मामा म्हणाले, "माणसं तिकडं, तर कणसरी हितं काय करल?" फडक्यात मूठभर नागली बांधून ते मजुरांच्या झोपड्यांशी जाऊन बसले. मीही सुट्टी काढून झेलायला जायचो. दुपार कलताना वेलींतून पिवळा उजेड झिरपायचा, आणि माणूस गातोय की बाग, कळायचं नाही...

अशाच एका दुपारी बागाईतदाराकडे माझ्या ऑफिसातली मंडळी आली. "अरे, तू इथे?" कुणीतरी हसलं. कथेत कणसरी नदीपाशी पोचली होती. मी उठलो, पँट झटकली आणि त्यांच्याबरोबर चहाला गेलो. मागे मामा स्वतःच गात होते, स्वतःच झेलत होते. मग खोकला ऐकू आला, आणि थाळी थांबली. त्या साली कणसरी नदीवरच राहिली.

 पुढच्या छाटणीला मामांनी मागे तीन बाया बसवल्या. "एकट्याच्या भरवशावर आई कशी सोडायची?" बायांनी झेलायचं नसतं म्हणून लोक कुरकुरले. पण नंतर पेठकडचे थाळकरी ती रीत बघून गेले, आणि आपापल्या पाड्यांच्या मजुरांबरोबर बागांत जाऊन गाऊ लागले. हे सगळं मी ऐकून होतो. गेलो मात्र नाही.

यंदा छाटणीला बागेत गेलो. थाळी हिराच्या मांडीशी होती.

"साहेब, चहा पिऊन आलास ना?" मागे बसलेल्यांतल्या एकीने विचारलं, आणि बाया फिदीफिदी हसल्या. हिराने सरकून जागा केली. "बस. बा म्हणायचा, भाचा आला तर नदीपासून धर. तिथनं पुढचं त्याचं ऱ्हायलंय."

तिने ओळ टाकली. माझा आवाज फाटला, तरी झेलली. ऊन उतरायच्या आत कणसरी उंबऱ्याशी आली. बाया चुलींकडे गेल्या. मी बसूनच राहिलो.