माळणीचा सुजलेला दंड

आमच्या घरी भाजी घेऊन येणाऱ्या माळणीचा मी बरीच वर्षं हेवा केला. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मी शाळामास्तर. अमरावतीतल्या आमच्या आळीत माझ्या शब्दाला थोडाफार मान होता. ती डोक्यावर पाटी घेऊन मागच्या दाराशी येई आणि अर्धा तास बसे. त्या अर्ध्या तासात माझी बायको जेवढी हसे, तेवढी माझ्याजवळ महिन्यातही हसत नसे.

त्या वर्षी पौषातच अकोल्याला घराघरांत उंदीर मरून पडू लागल्याची बातमी आली. म्हणजे मागोमाग प्लेग. अमरावतीत अजून काही नव्हतं. डॉक्टर शाळेत येऊन सांगून गेले, की प्लेगची लस टोचायला ते दोन गुरुवार शाळेत बसतील. आळीतली माणसं मी गोळा करावीत. असली कामं मला मनापासून आवडतात. त्याच संध्याकाळी मी ताव आखले. घर कोणतं, कर्ता कोण, माणसं किती, तयार आहेत की नाहीत. तयार असतील त्यांच्यापुढे तांबड्या शाईची खूण. दोन दिवसांत सगळी घरं फिरून झाली आणि तांबडी शाई जवळजवळ तशीच राहिली.

खरी अडचण माझ्या घरातच होती. माघात अकोल्याला बायकोच्या भाच्याची मुंज होती. उंदीर पडले तरी मुहूर्त बदलायला मेहुणा तयार नव्हता, आणि ही सख्खी आत्या, जाणारच होती. लस अंगात मुरायला आठ-दहा दिवस लागतात, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे फार तर दुसऱ्या गुरुवारी तिने टोचून घ्यायला हवं होतं. नाहीतर ती तशीच प्लेगात जाणार. मी हे तिला मुद्देसूद सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मी नाही टोचून घेणार."

"का?"

"वकिलांकडच्या म्हणतात, त्या सुईनंच गाठ येते."

"त्यांना काय कळतं?"

"आणि तुम्हाला?" असं म्हणून तिने सूप झटकलं.

पहिल्या गुरुवारी शाळेत डॉक्टर, कंपाउंडर, मी आणि माझी यादी. दुपारपर्यंत आळीतले चौघे आले. त्यांतला एक तर आपला मुलगा पास होईल का, एवढंच विचारायला आला होता. मग फाटकातून ती माळीण आली. ती गावाबाहेर मळ्यात राही, त्यामुळे माझ्या यादीत नव्हती. तिने पाटी भिंतीशी टेकवली, टोचून घेतलं, पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि "सांभार घ्या सांभार" करत कोथिंबीर विकायला गेली. एका तावाचीही तिला गरज पडली नाही, हे मला लागलं.

दोन दिवस ती फिरकली नाही. आळीत कुजबुज झाली, की गेली बिचारी. माझ्या मनात आलं, आता तरी मागचं दार शांत राहील. तसं मनात आलं, हेही लिहून ठेवतो. तिसऱ्या दिवशी तिची हाक आली.

"पाह्य वं बाई, मेली नाही मी!" तिने चोळीची बाही वर सारली. "काल लिंबाएवढं होतं, आज बोराएवढं राह्यलं. हात लावून पाह्य."

"दुखतं का गं?"

"ठसठसते. दोन रोज अंगात ताव भरला, निजली, उठली. आता पाटी उचलून राह्यली ना!"

माझी बायको सहसा तिला शिवत नसे. भाजीसुद्धा पाटीतून सुपात पडायची. त्या दिवशी तिने बोट पुढे केलं आणि ती गाठ दाबून पाहिली. मग स्नान केलं, ते वेगळं. मी आत वह्या तपासत होतो. मी तिला दहा मुद्दे सांगितले होते. या बाईने एक दंड दाखवला.

आणि तिने तो आळीभर दाखवला. रोज, प्रत्येक मागच्या दाराशी, वांगी-मेथीबरोबर. मी संध्याकाळी यादी घेऊन गेलो की घरोघर एकच उत्तर. "माळीणबाई म्हणाली, येऊ." तांबडी शाई भराभर संपू लागली. माझंच काम होत होतं, आणि मी जळत होतो.

फक्त माझ्या घरापुढे खूण नव्हती. बुधवारी सकाळी मी मागच्या दारी गेलो आणि माळणीसमोरच बायकोला विचारलं, "आता तरी?"

"तुमचं नाव यादीत कितवं आहे?" तिने विचारलं.

"शेवटचं."

शेवटचंच असणार. पंगत बसली की पाहुणे आधी, घरचा यजमान मागून. काम माझ्याकडे होतं, तेव्हा सगळी आळी झाल्यावर मी टोचून घेणार होतो. यात काही चुकतंय, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आळीत म्हणतात, मास्तर घाबरतात," बायको म्हणाली. खाली पाहून म्हणाली. तेव्हा मला कळलं, की इतके दिवस तिलाही तेच वाटत होतं.

माळीण मेथीच्या जुड्या लावत होती. "मास्तर, वाढणारा मागून जेवते, खरं हाय. पन लोकाईले जेवनात जहराचा वहीम असला, तं पयला घास यजमानानंच खावा लागते."

मी आत जाऊन यादी काढली आणि माझं नाव शेवटून खोडून सगळ्यात वर लिहिलं. हे तिच्याआधी मलाच सुचायला हवं होतं.

दुसऱ्या गुरुवारी डॉक्टरांची पेटी उघडायच्या आत मी बाही वर करून उभा राहिलो. मागे रांग होती. बायको आली, पण माझ्याबरोबर नाही. बायकांच्या घोळक्यात, माळणीच्या शेजारी. सुई टोचली तेव्हा तिने डोळे मिटले आणि माळणीचा पदर मुठीत धरला. मी तीन हातांवर उभा होतो.

माघात ती अकोल्याला गेली. मुंजीच्या आदल्या दिवशी मेहुण्याच्या माळ्यावरच उंदीर पडले. सगळे गावाबाहेर झोपड्यांत निघाले आणि मुंज तिथेच लागली. शेजारच्या घरातली दोन माणसं गेली. हे तिच्या कार्डात चार ओळींत होतं. पुढचे दिवस मी शाळेत काय शिकवलं, आठवत नाही.

ती परतली त्या सकाळी बडनेऱ्याहून गाडी उशिरा आली. मी स्टेशनवर गेलो होतो. वाटेत विचारलं, "तब्येत बरी?" "बरी," ती म्हणाली. घरी येऊन तिने पाय धुतले आणि तेवढ्यात मागच्या दाराशी हाक आली. ती ओल्या पायांनीच धावली.

मग सगळं ऐकू आलं. झोपड्या, पावसाची भुरभुर, भिजलेला मांडव, बटूला झालेली सर्दी, आणि एका रात्री शेजारून ऐकू आलेलं रडणं. शेवटी ती स्वतः रडली. "रडू नको माय, आली ना तू," माळीण म्हणत होती.

मी आत छत्री आणि वह्या घेऊन उभा होतो. शाळेला दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं मी दाराआडून ऐकली, मग पुढच्या दाराने गेलो.