बालीच्या वाळूत ताईची पावलं

मंडळी, बाली बेटावरून लिहितोय. सकाळपासून घास गेला नाही.

मुलगा-सुनेसोबत समुद्रावर गेलो होतो. महागडं हॉटेल, रंगीत छत्र्या, वाकलेले माड, सगळं ओळखीचं! ऐंशीच्या दशकात वर्ध्यातल्या एका फोटो स्टुडिओच्या पडद्यावर मी असंच बेट रंगवलं होतं, कॅलेंडर पाहून. समुद्र तेव्हा पाहिला नव्हता. चित्रकला मला कोणी शिकवली नाही, पण झावळीची सावलीसुद्धा चुकली नव्हती.

माझी मोठी बहीण पडदा पाहून म्हणाली, "बेटावर कोणीच नाई काऊन रे? एखादी बाई तरी फिरू दे."

"बाई काढली तर फोटोतल्या नवरीले कोण पाहीन?"

"मंग पावलंच काढ. माह्यी काढ."

गेरूत तिचे पाय बुडवून कागदावर ठसे घेतले. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. तशीच पावलं पाण्याकडे जाताना रंगवली. त्याच वर्षी ताई तापानं गेली. तिचा एकही फोटो नाही.

आज ओल्या वाळूत पाण्याकडे गेलेली पावलं दिसली. तेच लांब बोट. पुढे पाण्यात कोणीच नव्हतं. मी वाकून हात लावणार, तोच लाट आली. "बाबा, मागे या!" सून ओरडली. पाणी ओसरलं तेव्हा वाळू कोरी होती.

तो पडदा केव्हाच फाटला. पण वर्ध्याजवळच्या केळझर, अल्लीपूरच्या कितीतरी जोडप्यांनी त्याच्यापुढे फोटो काढलेत. तुमच्या आईवडिलांचा असेल, तर उजवीकडे खाली, वाळूत नीट पाहा.

दिसतात का पावलं? ताईचं तेवढंच उरलंय.