कडकबाईंची सुट्टी

बाजारपेठेच्या कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांब टेबल, त्यावर घडी घालून अंथरलेली जुनी घोंगडी, मागे भिंतभर कप्पे आणि कप्प्यांत गाठी मारलेली बोचकी. टेबलामागे ज्या बाई उभ्या असायच्या त्यांना सगळी पेठ कडकबाई म्हणायची. एक तर त्यांची इस्त्री कडक, आणि जीभ त्याहून कडक. सकाळी टाकलेला शर्ट कुणी दुपारीच मागायला आलं, तर “एवढी घाई होती तर अंगावरच वाळवायचा,” असं ऐकून परत जायचं. तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं, कारण त्यांच्यासारखी कॉलर दुसरं कुणी बसवत नव्हतं.

त्यांचे यजमान सायकलवरून कपडे घरपोच करायचे. माणूस लोण्यासारखा मऊ. ज्या दारात जातील तिथे दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांचा पाय निघायचा नाही. त्यामुळे शेवटच्या घरचे कपडे नेहमी उशिरा पोचायचे आणि बोलणी कडकबाईंना खावी लागायची. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. संसार सुखाचा होता, पण सुट्टी म्हणून काही चीज असते हे त्या घराला माहीत नव्हतं.

एका उन्हाळ्यात नव्या नळांसाठी पेठेतला रस्ता उकरला गेला. दुकानाच्या तोंडाशीच पुरुषभर खोल चर पडला. धूळ अशी उडायची की पांढरा शर्ट घडी होईपर्यंत बदामी व्हायचा. त्यात वीजही तोडली. आता महिनाभर दुकान बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ही बातमी यजमानांनी बहिणीला फोनवर सांगितली, आणि तिथेच माशी शिंकली.

“दादा, वहिनीला घेऊन इकडे ये,” बहीण म्हणाली. “खड्डा बुजेपर्यंत दोघं इथेच राहा.”

कडकबाईंची ही नणंद मोठ्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिने गावाबाहेर, ओढ्याच्या काठी दोन खोल्यांचं कौलारू घर घेतलं होतं. आयुष्य रुग्णांना दरडावण्यात गेलेलं, त्यामुळे तिचा आवाज खणखणीत. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं असं नाही, पण एका म्यानात दोन तलवारी नकोत म्हणून इतकी वर्षं दोघीही भेट दिवसभराच्या वर जाऊ देत नव्हत्या.

“महिनाभर?” कडकबाई म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी तुमच्या बहिणीचं नि माझं वाजेल.”

“वाजू दे,” यजमान म्हणाले. “तेवढीच करमणूक.”

शेवटी त्या निघाल्या. पिशवीच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळून, इस्त्री मात्र घेतली.

पहिल्या दिवशी त्या सवयीने पहाटेच उठल्या. बाहेर पाखरं कलकलत होती, घरात भाऊ-बहीण एका सुरात घोरत होते. करायला काहीच नव्हतं. नणंद उठून पाहते तो खिडक्यांचे पडदे, टेबलावरचं कापड, उशांचे अभ्रे, सगळं कडक इस्त्री होऊन जागच्या जागी. एवढंच काय, तिची फडकीसुद्धा चौकोनी घड्या घालून ठेवलेली.

“वहिनी, हे काय?”

“सुरकुतलं होतं सगळं.”

“इथे सुरकुतलेलंच चालतं.” नणंदेने हात पुढे केला. “आण ती इस्त्री इकडे.”

तिने इस्त्री कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला लावली. कडकबाई घरभर येरझारा घालत राहिल्या. यजमानांनी मात्र पडवीत खुर्ची टाकून पाय कठड्यावर ठेवले होते. आराम कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

पुढचे दोन दिवस कडकबाईंना अंगावर काटेरी झगा घातल्यासारखं झालं. हात रिकामे राहायला तयार नव्हते. म्हणून नणंदेने त्यांना घरामागच्या तुतीच्या झाडाखाली नेलं आणि टोपली दिली. झाड पिकून काळं झालं होतं. कडकबाईंनी पहिल्यांदा शिस्तीत फळं तोडली. मग एक तोंडात टाकलं, मग आणखी एक. टोपली काही भरेना. तासाभराने दोघी एकमेकींकडे बघतात तर दोघींच्या जिभा जांभळ्या, हनुवट्या जांभळ्या, आणि कडकबाईंच्या गाऊनवर छातीपासून गुडघ्यापर्यंत डाग.

“हा डाग जायचा नाही,” कडकबाई म्हणाल्या.

“मग?”

“मग काय, नाही गेला तर नाही गेला.” आणि हे आपणच बोललो का, असं वाटून त्या स्वतःच हसायला लागल्या. नणंदही हसली. दोघी इतक्या हसल्या की यजमान खुर्चीवरून उठून बघायला आले.

त्या दुपारी कडकबाई जेवून आडव्या झाल्या त्या पार ऊन कलल्यावर उठल्या. भरदिवसा झोपण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली खेप. गालावर चटईची नक्षी उमटली होती.

घराच्या खालच्या अंगाला ओढ्याला एक डोह होता. पाणी छातीपर्यंत, तळाशी वाळू, वर झाडांची सावली. नणंद रोज जेवणाआधी त्यात उतरायची. कडकबाई काठावर बसून पाय बुडवायच्या. इतकी वर्षं टेबलामागे उभं राहून सुजणारे ते पाय गार पाण्यात असे निवायचे की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. पुढे-पुढे त्या कमरेइतक्या पाण्यात जायला लागल्या. नणंद मात्र पाण्यावर चक्क पाठ टेकून पडून राहायची, जशी काही घरच्या पलंगावर.

“तूही पड ना,” एक दिवस ती म्हणाली.

“माझ्या सात पिढ्यांत कुणी पाण्यावर झोपलं नाही.”

“मान मागे टाक. माझा हात आहे पाठीखाली.”

“मान नाही जात. जन्मभर खाली बघून काम केलंय मी.”

“म्हणूनच म्हणते, आता जरा वर बघ.”

कडकबाईंनी मान मागे टाकली, पाय उचलले, आणि नाकातोंडात पाणी जाऊन धडपडत उठल्या. खोकताखोकता त्यांनी नणंदेला जे ऐकवलं ते पेठेतल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला ऐकवलं नसेल. काठावरून यजमान म्हणाले, “अगं, अंग सैल सोड.”

“तुम्ही सोडलंय तेवढं घराला पुरे आहे,” त्या म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहूनच पाण्यात उतरल्या. नणंद आता दरडावत नव्हती. घाबरलेल्या रुग्णाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाली, “वहिनी, काही करू नकोस. पाण्याला तुला उचलायचंय, त्याला उचलू दे.” कडकबाईंनी डोळे मिटले. कान पाण्याखाली गेले तशी ओढ्याची खळखळ थांबली आणि नुसता गुणगुणल्यासारखा आवाज राहिला. पाठीखालचा हात कधी निघाला ते त्यांना कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा वर पानं होती, पानांच्या मध्ये आभाळ होतं, आणि नणंद हातभर लांब, दोन्ही हात वर करून उभी होती. त्यांना रडू आलं की हसू, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पाण्यात कुणाला दिसणार म्हणून दोन्ही येऊ दिलं.

त्यानंतर त्यांना डोहातून बाहेर काढणं मुश्कील झालं. एकदा तर पेठेतल्या एका वकीलसाहेबांचा फोन आला, इस्त्रीला टाकलेला कोट कधी मिळेल म्हणून. यजमानांनी फोन काठावर नेला. कडकबाईंनी पाण्यात पडल्यापडल्याच सांगितलं, “त्यांना म्हणावं, वाटच बघा.”

महिना संपता-संपता चर बुजल्याची बातमी आली. यजमान पिशव्या भरायला उठले.

“नव्या रस्त्याची माती दबायला नको का?” कडकबाई म्हणाल्या. “आणखी चार दिवस राहू.” ते चार दिवस चांगले दहा दिवस चालले.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात दुकानाला महिनाभर कुलूप असतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात, चुरगळलेल्या कपड्यांत फिरतात आणि दुकान उघडलं की पुन्हा बोचकी घेऊन येतात. नणंद-भावजयींचं भांडण काही थांबलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात पडवीला रंग द्यायचा होता. एकीला पिवळा हवा, दुसरीला निळा. दोन दिवस अबोला झाला, आणि मग दोघींनी आपापला डबा उघडून आपापली भिंत रंगवून टाकली. यजमान आता मधल्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात. कुठली बाजू बरी दिसते, असं कुणी विचारलं की त्यांना लगेच झोप लागते.