बिनचेंडूचा गडी

दहाएक वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या टिलबर्गला मास्टर्स करायला गेलो आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये शिरलो, हा माझा शहाणपणा. सांगलीकडे कबड्डीत चढाया करून गुडघे फोडून घेतलेला मी. लांबुळका चेंडू काखेत धरायचा आणि समोरच्यांना चुकवत पळायचं, एवढंच तर काम. म्हटलं, हे आपल्याला झोपेतही जमेल. पहिल्याच सरावात दोघांनी धरल्यावर सवयीनं मी मागच्या रेषेकडे झेपावलो. अरे, इथे पुढे पडायचं असतं! सगळे पोट धरून हसले, मीही हसलो.

चेंडू घेऊन पळणारे आम्ही तिघं होतो. कोणी कधी पळायचं ते कोच ठरवायचा. आमच्या गावी न्याय साधा होता: ज्याची चढाई लागते, त्यालाच पुन्हा पाठवा. इथे वाटण्या. लांब पळायचं असेल तर एक उंच पोरगा. जी ओलांडली की गुण, ती गोलरेषा जवळ आली, की एक धिप्पाड डच. आणि मला काय? हूल.

म्हणजे चेंडू देणारा माझ्या पोटाशी हात आणायचा, मी दोन्ही हात आवळून, वाकून, जिवाच्या आकांतानं सुटायचो, आणि चेंडू गुपचूप त्या धिप्पाडकडे जायचा. ताकास तूर लागू न देण्यात मी पटाईत. समोरचे चार-चार जण माझ्या अंगावर पडायचे. मी चिखलातून तोंड वर काढेपर्यंत तिकडे हा रेषेपार जाऊन नाचत असायचा, आणि बाकीचे त्याला मिठ्या मारत असायचे. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! घरी येऊन मी बरगड्या शेकत बसायचो.

एकदा कोचला विचारलंच, "मला चेंडू कधी?"

"तुझ्यामागे सगळे धावतात, म्हणून तर त्याला वाट मिळते," तो म्हणाला. "चेंडू तुला दिला, तर हूल कोण देणार?"

मार खायला माझी ना नव्हती हो. कबड्डीत काय कमी खाल्ला? पण हा फुकटचा मार होता, आणि तो माझ्याच वाट्याला का, हे मला कोणी सांगत नव्हतं.

शेवटच्या मॅचआधी मी कोचला सरळ सांगितलं, की पुढच्या महिन्यात आइंडहोव्हनला नोकरीवर रुजू होतोय, आता खेळणं संपलं. एकदा, फक्त एकदा, चेंडू घेऊन पळू दे. त्यानं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "रेषेजवळ पोचलो की पहिली पाळी तुझी. शब्द दिला."

अगदी शेवटच्या मिनिटांत पोचलो रेषेजवळ. मी कडेला उभ्या कोचकडे बघितलं. त्यानं खूण केली. हुलीची! नंतर मान वळवून तो दुसऱ्याच कोणाशी बोलायला लागला. तोंडाला पानं पुसली मेल्यानं. माझं डोकं असं सणकलं, की कानात शिट्ट्या वाजायला लागल्या.

खेळ सुरू झाला. पोटाशी हात आला आणि गेला. मी वाकलो नाही. दोन्ही हात डोक्यावर नेले, बोटं फाकवली आणि ताठ चालत पुढे गेलो. माझ्याकडे काही नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. समोरचे सगळेच्या सगळे त्या धिप्पाडवर तुटून पडले. रेषा राहिली तिथेच आणि मॅचही गेली.

कोच लांबून बोंबलत होता. मी तिकडे बघितलंही नाही. ढीग हलला तसा धिप्पाड खालून निघाला, चेंडू अजून छातीशी घट्ट धरलेला. तोंडातला चिखल थुंकत त्यानं मला विचारलं, "एवढे सगळे एकदम? तुझ्यावर नेहमी असेच येतात?"

"हो," मी म्हणालो. "तुझ्याकडे निदान चेंडू तरी होता."