रबरी पाइपवरचं ऑपरेशन

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये काम करताना आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात दहा मिनिटं लुळा पडला. तपासणीत कळलं, मानेतून मेंदूकडे जाणारी डावी रक्तवाहिनी आत मळ साचून अरुंद झाली आहे. सर्जन म्हणाले, "पंधरा दिवसांत ऑपरेशन करू. पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही."

त्यातले सहा दिवस उद्यमनगरात चर्चेत गेले. तिथे सगळे मिस्त्री आणि फिटर, प्रत्येकाला पाइपातलं कळतं. जांघेतून तार सरकवून आत जाळी बसवायची, की मान उघडून वाहिनी साफ करायची?

"मळ काढल्याबिगर आत स्लीव्ह घालतंय व्हय कोण?" एक मिस्त्री म्हणाले.

"आन खोलून परत जोडलं की लीक आलाच की!" दुसरे.

सातव्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये डबा घेऊन गेले, तर रेडिएटरचा जुना रबरी पाइप व्हाइसमध्ये आवळून दोन्ही प्रयोग चालले होते. आबा आकृती काढत होते. रेघ वाकडी जात होती. पेन्सिल दोनदा निसटली.

"काय न्हाय गं, पेन्सिल गुळगुळीत हाय."

मी त्यांना तसंच रिक्षात घालून सर्जनकडे नेलं.

सर्जननी समजावलं, या वयात, वाहिन्या इतक्या वाकड्या असताना, तार सरकवताना मळाचा कण सुटून मेंदूत जाऊ शकतो. उघडून साफ करणं बरं. आबांनी लगेच पुढचं काढलं: उभा छेद देऊन ठिगळ लावणार, की वाहिनी आडवी कापून मोज्यासारखी उलटी करणार?

"दोन्ही सारखीच चांगली."

"सारखी कशी असतील, डॉक्टर? एक तर उजवी असणारच की!"

मी मध्ये पडले. "तुम्ही नेहमी कुठली करता?"

"ठिगळाची."

"मग तीच. सही कुठे करायची?"

आबांनी माझ्याकडे रागानं बघत सही केली. ती सही त्यांची वाटत नव्हती.

ऑपरेशनला फक्त मान बधिर केली होती. मेंदूला रक्त पुरतंय का हे कळावं म्हणून उजव्या हातात दाबलं की वाजणारं रबरी बदक दिलं होतं. सर्जन नंतर म्हणाले, "बदक शेवटपर्यंत वाजलं. पण टाक्यांत अंतर किती ठेवता, हे विचारायचं ते थांबेनात."

तिसऱ्या दिवशी अख्खं उद्यमनगर खाटेभोवती जमलं. आबांनी माझ्या हातातलं पेन ओढून केसपेपरच्या मागे रक्तवाहिनी काढली. रेघ सरळ आली.

"आता जाळीचं काढून दावतो," ते म्हणाले.

मी पेन काढून घेतलं आणि सगळ्यांना बाहेर घालवलं.